गाढ झोपेचं घराणं

माझ्या मुलाचं डोकं हळूच पुढे झुकलं आणि नातीच्या दप्तरावर टेकलं, तेव्हा स्कूटर चालूच होती.

नात पुढे उभी, मधे तो, मागे मी. दहिसरहून बोरिवलीला निघालो होतो. नातीला शाळेत सोडायचं, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि मग त्याने सांताक्रूझला कामावर जायचं, असा बेत. मला आधी वाटलं, पोरीच्या कानात काहीतरी सांगतोय. मग स्कूटर हायवेच्या कडेच्या रस्त्यावरून डावीकडे सरकायला लागली, अगदी शांतपणे, कोणी हाक मारल्यासारखी. बाजूने पाण्याचा टँकर गेला. मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. तो दचकून जागा झाला, ब्रेक दाबला, आणि आम्ही तिघं शहाळेवाल्याने टाकलेल्या रिकाम्या शहाळ्यांच्या ढिगात जाऊन पडलो.

नातीचा गुडघा फुटला, माझं कोपर सोललं. शहाळेवाला कोयता हातात घेऊनच आला.

"सुबह सुबह चढाके निकला क्या?"

"खड्डा था," माझा मुलगा म्हणाला.

शहाळेवाल्याने रस्त्याकडे बघितलं. मीही बघितलं. अख्ख्या मुंबईत खड्ड्याचं कारण चालणार नाही अशी एखादीच जागा असेल, आणि हा नेमका तिथे पडला होता.

"बाबा, तू झोपलास ना?" नातीने विचारलं.

"नाही गं."

"मग माझं दप्तर ओलं कसं झालं?"

त्याने तोंड पुसलं आणि स्कूटर उचलायला गेला.

हा माणूस दमलेला होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निदान दोन वर्षं तो दमलेलाच होता. संध्याकाळी घरी आला की सोफ्यावर बसून एक मोजा काढायचा आणि दुसरा काढायच्या आत झोपायचा. एका पायात मोजा असलेला नवरा बघून बघून सुनेला सवय झाली होती. दाढी करायला सलूनमध्ये गेला तर तिथे झोपायचा. भाच्याच्या लग्नातल्या फोटोत सगळे हसतायत आणि हा मागच्या रांगेत मान टाकून उभा. बघणाऱ्याला वाटेल, मुलीकडचा कोणी नाराज पाहुणा आहे.

बरं, तो का दमतो याची कारणं देणाऱ्यांना तोटा नव्हता. सून म्हणायची, "मोबाईल. दुसरं काही नाही. रात्री डोळ्यांसमोर तोच." समोरच्या घरातली म्हणाली, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरवून टाका. सुनेचा भाऊ औषधांच्या दुकानात काम करतो, त्यामुळे स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. त्याने सांगितलं, बी-ट्वेल्व्ह कमी असणार, ते आता सगळ्यांचंच कमी असतं. मुलगा स्वतः म्हणायचा, "कामाचं टेन्शन गं आई. आणि वय झालं आता." माझ्यासमोर वय झालं म्हणायचा, ही त्याची हिंमत.

माझं मत विचारलंत तर मला तो आळशी वाटायचा. भात सोडून ओट्स खाणारा माणूस दमणार नाही तर काय होईल, असं मी त्याला तोंडावर सांगत असे. मीही दमलेच होते की आयुष्यभर. नवरा गेल्यावर कॅन्टीनमध्ये चपात्या लाटल्या, घरी येऊन पुन्हा लाटल्या. पण तेव्हा दमण्याला कारण लागत नव्हतं, आणि कोणी विचारतही नव्हतं.

शहाळ्यांत पडल्यावर सुनेने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त काढलं. साखर बरी, थायरॉईड बरं, हिमोग्लोबिन बरं. ड जीवनसत्त्व जरा कमी. ऊन फुकट मिळतं त्या गावात राहून हा दिवसभर एसीत बसतो, तर ते कमी होणारच. बाईंनी गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, "बाकी सगळं नॉर्मल आहे. ताण कमी घ्या."

सगळं नॉर्मल आलं म्हणून कोणी पेढे वाटेल. हा घरी येऊन तोंड पाडून बसला.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काही निघालं असतं तर बरं झालं असतं. आता मी नुसताच आळशी ठरलो."

"ते मी रक्त न काढता सांगितलं होतं."

तो हसला नाही. नेहमी हसतो.

तरी स्कूटर सुटली नाही. शाळेची बस आमच्या गल्लीत येत नाही, आणि सुनेला साड्यांच्या दुकानात वेळेवर पोचायचं असतं, तेव्हा नातीला सोडायचं काम त्याचंच. तो तोंडात लवंग धरून स्कूटर चालवायला लागला. सुनेने नातीला कामाला लावलं. वाटभर बाबाला पाढे म्हणायला लावायचे, गप्प बसू द्यायचं नाही. चार-आठ दिवसांनी पोरीने घरी येऊन सांगितलं, "बाबा नऊपर्यंत नीट म्हणतो. बाराच्या पाढ्यात झोप येते त्याला."

सून हसता हसता थांबली. मी पण थांबले. दुसरीतली पोर बापाला जागं ठेवत हायवेच्या कडेने जात होती, आणि आम्ही घरात बसून त्याला उपाय म्हणत होतो.

आता आमच्या घरातल्या झोपेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे घोरण्याचं कौतुक आहे. सासरे घोरायचे तर गावच्या घरातून खालच्या पाखाडीच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू यायचं म्हणे. नवरा मिलमधून आला की जेवून घोरायला लागायचा, आणि चाळीतल्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस, नवरा कसा गाढ झोपतो. मुलगा घोरायला लागला तेव्हा मी पण तेच म्हणाले. बापावर गेला. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाला व्यसन नाही आणि झोप गाढ आहे, असं मी त्याचे गुण म्हणून सांगितलं होतं. सून अजून ऐकवते.

चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्हाला दोन खोल्या, एक हॉल मिळाला. घोरण्याने सुनेला झोप येईना, म्हणून ती नातीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. मी हॉलमध्ये. माझा डावा कान गेलेला आहे, उजवा उशीवर ठेवला की मला सुख. तेव्हा हा एकटा एका खोलीत, दार लावून. चाळीत असतो तर भिंतीपलीकडच्याने पहिल्या आठवड्यात भिंत ठोकून त्याला जागं केलं असतं. टॉवरमध्ये सगळ्यांना दारं मिळाली.

मग तो रविवार आला. सकाळी कोलंबी झाली, भात झाला, त्या दिवशी त्याने ओट्सचं नाव काढलं नाही. जेवून तो हॉलमध्येच माझ्या सतरंजीवर उताणा पडला. मी बाजूला बसून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होते. तो घोरत होता, मी सोलत होते. दोघांचा ताल बरा जमला होता.

मग घोरणं थांबलं.

मला बरं वाटलं, कुशीवर वळला असेल. वर बघितलं तर तो तसाच उताणा, तोंड उघडं, आणि छाती जागच्या जागी. पोट मात्र आत हिसके देत होतं, बंद दाराला कोणी आतून धक्के मारावेत तसं. मी हातातला वाल सोलला. अजून एक सोलला. मग मी सोलायची थांबले. त्याचे ओठ काळपट दिसायला लागले, आणि एकदम घशातून खर्रकन मोठा आवाज करून त्याने श्वास घेतला, मान हलवली आणि पुन्हा घोरायला लागला. जाग आली नव्हती. मी वाल खाली ठेवले आणि बघत बसले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. पुन्हा, पुन्हा तसंच.

हे मी आधी बघितलेलं होतं. याचा बापही असाच थांबायचा. थांबला की मी अंधारात लाथ मारायचे, की गाडी पुन्हा सुरू. मला वाटायचं, मी त्याचं घोरणं बंद करायला लाथ मारते. एका सुट्टीच्या दिवशी मी पाण्याच्या रांगेत होते आणि तो दुपारी खाटेवर झोपला होता. परत आले तर गेलेला. लोक म्हणाले, झोपेत गेला, पुण्यवान माणूस. मुलगा तेव्हा तिसरीत होता.

मी सुनेला हाक मारली. "तो तुझा मोबाईल आण गं. याचा सिनेमा काढ."

"आई, झोपलेल्या माणसाचा काय काढायचा?"

"काढ तू. बोलू नको."

ती काढायला लागली. घोरणं थांबलं तशी तिने मोबाईलवरून डोळे उचलून माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "आई, हा श्वास घेत नाहीये," असं म्हणून ती त्याला हलवायला धावली. मी तिचा हात धरला. "घेईल. थांब. हे दिसायला हवं." त्याने घेतला. ती तिथेच खाली बसली.

उठल्यावर त्याला दाखवलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "घोरणं हा काय आजार असतो का? आपल्या घरात सगळेच घोरतात."

"सगळेच कुठे आहेत रे आता?" मी म्हणाले.

तरी डॉक्टरकडे जातो असं काही तो म्हणाला नाही. पुढच्या महिन्यात बघू, आत्ता कामावर सुट्टी मिळणार नाही. माझ्याच पोटचा, मी त्याला ओळखते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तयार होऊन स्कूटरची चावी शोधायला लागला. खुंटीवर नाही, टेबलावर नाही, पँटीत नाही.

"आई, चावी बघितलीस?"

"हो."

"कुठेय?"

"माझ्याकडे."

"दे ना, उशीर होतोय."

"घशाच्या डॉक्टरला दाखव, मग देते."

"आई, मी काय लहान आहे का?"

"लहान असतास तर कानाखाली वाजवली असती. चावी कशाला लपवली असती?"

त्याने स्वयंपाकघरातले डबे उघडले, देवघर बघितलं, माझी उशी उलटी केली. चावी माझ्या चोळीत होती, तिथे तो काही शोधणार नव्हता. नातीला मी हात धरून बेस्टच्या बसने शाळेत नेलं. माझे गुडघे दुखले, आणि ते दुखतायत हे मी त्याला रोज संध्याकाळी सांगितलं. आठवडा संपायच्या आत तो डॉक्टरकडे गेला.

नाक-कान-घशाचा डॉक्टर मोबाईलवरचा सिनेमा बघून म्हणाला, "हे कोणी काढलं? फार बरं केलं." मग एक रात्र त्याच्या अंगाला, बोटाला, नाकाखाली तारा लावून झोपवलं. सकाळी तो विजेच्या मीटरसारखा दिसत होता. डॉक्टरने मला समजेल असं सांगितलं. झोपल्यावर घसा सैल पडून मिटतो, हवा बंद होते. मग मेंदू घाबरून त्याला जागं करतो, इतकं थोडं की त्याला कळत नाही. रात्रभर हेच.

"म्हणजे इतकी वर्षं हा झोपलेलाच नाही?" मी विचारलं.

"नीट नाही झोपलेले, आजी. आणि हृदयावर ताण येतो तो वेगळाच."

"त्याच्या वडिलांना पण हेच होतं का?"

डॉक्टर म्हणाला, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. खरं बोलला. मला तो आवडला.

रात्री तोंडावर मुखवटा लावून झोपायचं, नळीतून हवा आत ढकलणारं यंत्र उशाला, आणि पोट कमी करायचं, असं ठरलं. पहिल्या रात्री नातीने त्याला बघून गणपती म्हणून हात जोडले. तो चिडला, मुखवटा काढून फेकला. दुसऱ्या रात्री पुन्हा लावला. महिनाभर कुरकुर केली, मग सवय झाली. सून त्याच्या खोलीत परत गेली आणि दोन दिवसांनी म्हणाली, इतकी शांतता आहे की मला झोप येत नाही. या घरात कोणाला सुख सोसेल तर शपथ.

चावी मी डॉक्टरने स्कूटर चालवायला हो म्हटल्यावरच दिली.

जागा झालेला माणूस घरात असणं सोपं नसतं, हेही सांगते. त्याला आमटीतलं मीठ कळायला लागलं. पंख्यावरची धूळ दिसायला लागली. पण एका सकाळी त्याला सून दिसली. डोळे मिटून गॅसजवळ उभी, हातात लाटणं.

"तू अशी का दिसतेस?" त्याने विचारलं.

"कारण मी तुझ्या आधी उठते आणि तुझ्यानंतर झोपते," ती म्हणाली. "त्याला तारा लावाव्या लागत नाहीत."

मी हसले. तो हसला नाही. तेव्हापासून पोरीचा डबा तो करतो. उपमा गोळा होतो, पोर खाते.

याचा बाप गेला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. मुलाला गेल्या महिन्यात चव्वेचाळीस पूर्ण झाली.