तिसरा पंखा

पंख्याशी वैर धरून उन्हाळ्यामागून उन्हाळे काढणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला. कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर या काकांचं बिऱ्हाड. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, किडकिडीत, खांद्याला पिशवी आणि गळ्यात दुर्बीण. भाजी आणायलाही ते दुर्बीण घेऊनच जात, त्यामुळे मंडईतल्या बायका त्यांना शिळी मेथी दाखवायला धजत नसत. घरात छताला पंखा होता, पण त्याच्या बटणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत सूचना: 'दाबू नये. घाम पुसता येतो.' पाहुण्यांना पन्हं मिळे, पुठ्ठा मिळे, वारा तेवढा मिळत नसे. कारण विचारलं की काका म्हणत, "चिमण्या येतात. पात्यात सापडतात." जुन्या घरी फोटोंच्या मागे चिमण्यांची घरटी होती हे खरं. पण ते घर पाडून नवी इमारत झाली, चिमण्या कधीच परागंदा झाल्या, तरी पट्टी कायम. "अहो, आता कुठल्या चिमण्या?" काकू पदरानं वारा घेत विचारत. "आली एखादी म्हणजे?" काका म्हणत आणि पेपर उघडत.

या वैराशी माझी पहिली गाठ माझ्याच लग्नात पडली. ऐन मे महिना, अंगावर रेशमी सोवळं, समोर होम पेटलेला. तेवढ्यात कार्यालयात एक चिमणी शिरली आणि काकांनी शांतपणे उठून सगळे पंखे बंद केले. गुरुजींनी मंत्र थांबवून कपाळ पुसलं. मी केविलवाण्या नजरेनं पाहिलं, तर काका म्हणाले, "जावईबापू, तुम्ही आजच्या दिवसाचे. तिचं घर इथंच आहे." लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत मी नुकताच विहिरीतून काढल्यासारखा दिसतो. चक्रम माणसांचा पुण्यात तुटवडा नाही, त्यामुळे मीही काकांना त्यांच्यात जमा करून मोकळा झालो.

खराडीला तेव्हा काचेच्या इमारती भराभर उगवत होत्या आणि त्यांतल्या एकीत मी गळ्यात ओळखपत्र अडकवून बसत असे. एक दिवस काका बस बदलत बदलत थेट तिथे आले. दुर्बीण पाहून सिक्युरिटीनं त्यांना अर्धा तास बाहेर बसवलं होतं, पण चेहरा प्रसन्न होता.

"छान आहे तुमची जागा. एकही पंखा नाही."

"एसी आहे, काका."

"त्याला वीज लागत असेल ना?"

"लागते की."

"कुठून येते?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांच्या नोकरीत पडला नव्हता. काका मात्र उत्तर घेऊनच आले होते. आमच्याच इमारतीत दोन मजले वर पवनचक्क्यांच्या एका कंपनीचं ऑफिस होतं. साताऱ्याकडच्या एका पठारावर तिच्या पवनचक्क्या रांगेत उभ्या होत्या. गावातले लोक त्यांना पंखेच म्हणत. त्याच पठाराच्या कड्यावर मोरघारींची एक जोडी घरटं करून असे. मोरघार म्हणजे गरुडाच्या जातीचा मोठा शिकारी पक्षी. तिला पाहायला काका वर्षानुवर्षं दर रविवारी एसटीनं जात. आता नर गेला होता, मादी उरली होती. काकांचं मागणं एवढंच, की हिवाळ्यात सकाळी दहा ते एक, ती घिरट्या घालते तेवढा वेळ, कड्याजवळचा तिसरा पंखा बंद ठेवावा.

मी काकांना वर त्या ऑफिसात घेऊन गेलो. तिथला अधिकारी तिशीतला, अतिशय सौजन्यशील. "सर, तुमचा कन्सर्न जेन्युइन आहे. पण मॅनेजमेंटला डेटा लागतो." काकांनी पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"हे एक्सेलमध्ये नाहीये का, सर?"

"तेव्हा एक्सेल नव्हतं," काका म्हणाले, "मोरघारी होत्या."

एक्सेलचं काम अर्थातच जावयाच्या गळ्यात पडलं. सबंध पावसाळा संध्याकाळी काकांच्या घरी बसून, घाम पुसत, मी 'साडेदहा. मादी कड्यावर. नर वर' अशा नोंदी टाइप करत होतो. एका वहीत निराळीच नोंद लागली. 'पवनचक्कीवाले भेटले. वारा कुठे चांगला ते शोधताहेत. म्हटलं, मोरघार पंख न हलवता जिथे वर चढते, तिथे वारा. जागा दाखवली.' पुढे पहिल्या पवनचक्कीचा नारळ काकांच्याच हातून फुटला होता, त्यांना शाल मिळाली होती. धूर नाही, कोळसा नाही, म्हणून विज्ञानाचे मास्तर खूश होते. त्यानंतर बऱ्याच पानांनी एक ओळ: 'नर तिसऱ्या पंख्याखाली सापडला.'

मी वही काकूंना दाखवली. त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी आले ते चपलाही न काढता आधी पंखा बंद केला. त्याआधी पंख्याखालची खुर्ची यांचीच असायची हो." मला फार वाईट वाटलं. लग्नापासून त्यांची जी थट्टा केली होती, तिची लाजही वाटली.

मंजुरी यायला दोन हिवाळे गेले. मध्ये तो अधिकारी बदलला, नव्याला मी तीच फाइल पुन्हा पाठवली. शेवटी होकार आला आणि पहिल्याच रविवारी मी काकांना गाडीनं पठारावर नेलं. बरोबर दहाला तिथला रखवालदार म्हणाला, "केला बघा बंद, गुरुजी. सायबाचा फोन आला हाय." तिसऱ्या पंख्याची पाती मंदावली, थांबली. काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. अकरा वाजले, बारा वाजले, काकूंनी दिलेली पोळीभाजी खाऊन झाली. आभाळात काही आलं नाही. गेल्या हिवाळ्यापासूनच ती दिसलेली नाही, हे काकांनी मला तेव्हा सांगितलं.

"कंपनीनं शब्द पाळला, काका," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो.

"पाळला हो. पण तिला कोण कळवणार?"

एकला पंखा पुन्हा फिरू लागला. काकांनी वहीत लिहिलं, 'दहा ते एक. पंखा बंद. आकाश मोकळं.'

हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही अजून जातो. काकांना आता एसटी झेपत नाही, म्हणून गाडी माझी, डबा काकूंचा. कशासाठी जायचं, हे मी विचारत नाही; चिमण्यांच्या वेळचं त्यांचं उत्तर मला पाठ आहे. दहाला पाती थांबतात आणि आम्ही दोघं वर बघत बसतो.