विमानातली मोहाची बाटली

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, असं लिहिलं तर तेही अर्धंच खरं होईल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावच्या सभांत मी ती माईकवरून सांगितली, टाळ्याही घेतल्या. फक्त ती तशी घडली नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागात दारूबंदी व्हावी म्हणून मुंबईला मंत्र्यांना भेटायला शिष्टमंडळ निघालं होतं आणि मी त्याचा प्रमुख होतो. घरची भाताची शेती, अंगावर खादी, आवाज मोठा. प्रमुख व्हायला तेव्हा एवढं पुरत असे. बाकीचे दोघे रेल्वेने गेले. मला मात्र एका हितचिंतकाने नागपूरहून विमानाचं तिकीट काढून दिलं. मंत्र्यांपुढे नमुना म्हणून ठेवायला एटापल्लीकडच्या भट्टीवर कार्यकर्त्यांनी पकडलेली मोहाच्या दारूची बाटली माझ्या पिशवीत होती. तोंडाला कापडाचा बोळा.

विमानात मी पहिल्यांदाच बसलो होतो. ते वर चढलं, ढगात शिरून हादरलं आणि मी पिशवी छातीशी धरली. नमुना अस्सल आहे की नाही, याची खात्री प्रमुखाने स्वतः करून घ्यायला हवी असं मला वाटलं. दोन घोटांत खात्री झाली. तिसऱ्या घोटाला विमान पुन्हा हादरलं आणि बरीचशी खात्री धोतरावर सांडली.

मोहाची एकदा उघडली की लपत नाही. पुढच्या रांगेतले सूटवाले गृहस्थ "पेट्रोल गळतंय!" म्हणून ओरडत उठले. मग सगळेच उठले. कुणी देवाचा धावा करू लागलं, कुणी विमान परत फिरवा म्हणून कॉकपिटच्या दाराकडे निघालं. हवाई सुंदरी विशी-बाविशीची होती. जागेवर बसा, पट्टे लावा, असं हिंदीत आणि इंग्रजीत विनवत ती वाट काढत होती. "तू बाजूला हो, तुझ्या साहेबाला बोलाव," असं एकजण तिच्यावर खेकसला. तरी ती हसतमुखच.

माझ्या रांगेपाशी ती थबकली. खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, मोहाची काऊन उघडली जी? पुरं विमान घाबरून राह्यलं."

"कोनती मोहाची?"

"सिंदेवाहीची आहो मी. मले नका शिकवू."

"हा पुरावा हाय. सरकारी काम हाय."

"पुरावा अर्धा पोटात गेला वाटते. द्या इकडे. साहेबानं पाहिली त मुंबईले पोलीस बोलावतीन. उतरल्यावर तुमची तुमाले देऊन देईन."

तिने बाटली रुमालात गुंडाळली आणि मोठ्याने सांगितलं की पेट्रोल वगैरे काही नाही, कुणाच्या तरी औषधाची बाटली सांडली आहे. लोक कुरकुरत बसले. मीही सुस्कारा सोडला.

पण मागे पडद्याआड तिच्या साहेबाने तो रुमाल उघडला. तो बाटली हातात घेऊन तिला आमच्या रांगांपर्यंत घेऊन आला. "अजून कायम झालेली नाहीस," तो हिंदीत सगळ्यांसमोर म्हणाला, "दारू तुझी निघाली तर आजच तुझी नोकरी संपली. कुणाची आहे ही?"

तिने बोट दाखवलं नाही. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "भाऊ, सांगा जी."

मी उभा राहिलो. "मी दारूबंदीच्या शिष्टमंडळाचा प्रमुख आहे. ह्या बाईंना वास बरा ओळखता येतो. त्यांनाच विचारा."

धोतर ओलं होतं. पण खादीच्या धोतराकडे संशयाने बघायची तेव्हा पद्धत नव्हती. साहेबाने माझी माफी मागितली आणि माझ्यासाठी कॉफी मागवली. ती तिलाच आणून द्यावी लागली.

मंत्र्यांनी नमुना मागितला. मी म्हणालो, "साहेब, नमुना काय दाखवू? मोहाची आता विमानातल्या बायांच्या हातात पोचली." मंत्र्यांना ते फार आवडलं. पुढे मी ते वाक्य सभांतून वाढवत नेलं. "आपल्याच सिंदेवाहीची पोरगी!" असं म्हटल्यावर तर हमखास हळहळ उठायची.

मग एकदा खुद्द सिंदेवाहीत सभा झाली. टाळ्या संपल्या, पोरं सतरंज्या गुंडाळू लागली, तेव्हा पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ माझ्यापाशी आले. वस्तीतल्या बुद्धविहाराचं काम बघणारे, भाताच्या सरकारी फार्मवर मजुरी करणारे.

"भाऊ, ते पोरगी माही," ते म्हणाले. "नोकरी गेली तिची. नागपुरात दुकानात उभी राह्यते आता. गावात तुमच्या भाषनानं तिले दारूवाली म्हनते."

मी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"बाटली कोनाची होती, ते तिनं मलेही नाई सांगतलं. म्हने, घाबरला होता बिचारा मानूस, जाऊ द्या बाबा. पन तुमी त्याच विमानात होते, म्हनून इचारतो. तुमी एका सभेत खरं सांगतलं, त लोकं आयकतीन."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, मंत्र्यांचा होता तसाच. बाटली माझीच होती भाऊ, पोरीला सांगा, माझं चुकलं, उद्याच्या सभेत मी हेच सांगेन. सगळं तोंडाशी आलं होतं. मागे कार्यकर्ते माझ्यासाठी जीप सुरू करून थांबले होते.

मी म्हणालो, "चहा घ्या, भाऊ."