गाणारा गेल्यावर

आज यांच्या रेकॉर्ड्स रीडिंग गावातल्या चॅरिटी शॉपमध्ये दिल्या. कव्हरवरची नावं वाचून मी दोन बँडच्या दोन पिशव्या केल्या होत्या. एकीत उदास गाणी, दुसरीत नाचायची.

काउंटरवरचा इंग्रज म्हातारा हसला. "एकच बँड आहे हा, लव्ह. मँचेस्टरचा. गाणारा तरुणपणीच गेला, उरलेल्यांनी नाव बदललं."

"मग गायलं कोण?"

"कुणालाच नको होतं. शेवटी गिटारवाला गायला. सुरुवातीला कसाबसाच."

हे गेल्यापासून आपल्या मंडळात बुद्धवंदना मी घ्यावी, असं तुम्ही सगळे म्हणताय आणि मी टाळतेय. सगळी पाठ आहे, पण सुरुवात नेहमी हेच करायचे.

पिशव्या परत घरी आणाव्याशा वाटल्या, पण उचलायची ताकद नव्हती.

रविवारी मी सुरुवात करते. आवाज अडकला, तर पुढची ओळ तुम्ही घ्याल ना?