लोखंडी झाकण

पाण्याच्या मीटरवर आम्ही एक छोटं यंत्र बसवतो. ते आकडा आपणहून, बिनतारी पाठवतं, कुणाला दारोदार जाऊन वाचावा लागत नाही. पण मीटरच्या खड्ड्यावर जाड लोखंडी झाकण असलं, तर आकडा बाहेर येत नाही. ते बदलून प्लास्टिकचं घालावं लागतं.

काल असंच एक झाकण उचलताना निसटलं आणि बोटं चेंगरली. त्या घरच्या मावशींनी हळद दाबली, चहा दिला.

"आईला कळवलंस?"

"कशाला उगाच. काळजी करत बसेल."

"मग तिनं दुसरं करायचं काय रे?"

शाळा अर्धवट सोडून आलेल्याला इथं काम मिळालं, परक्या गावात हळद लावणारं माणूस भेटलं. आता कुरकुर कोणत्या तोंडानं करायची? म्हणून घरी एकच सांगतो, बरं चाललंय. अंगातली तापाची कसर, इथली यंत्रं बसवून झाली की काम सुटेल ही भीती, सगळं त्याच झाकणाखाली.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "बरं चाललंय," मी म्हणालो.

तिनं विचारलं, "कुठं लागलंय?"

इतके महिने तिला काय काय ऐकू येत होतं, याचीच आता धास्ती वाटते.