मिशी उतरवण्याची मजुरी

१९९५. दिवाळीनंतरचा सोमवार. तंजावूरच्या एका मोपेडच्या शोरूममध्ये टेबलावर दहाची नोट ठेवलेली होती. माझी मिशी उतरवण्याची मजुरी. हजर पाच जण: शोरूमचे मालक, त्यांचा मेव्हणा, पापनाशमजवळच्या आमच्या गावचे मिरासदार, माझे अप्पा आणि मी, तिथला कॅशियर.

अप्पा न्हावी. आम्ही मराठी. तंजावूरच्या मराठी राजांच्या काळात पूर्वज वाड्यावर कामाला आले, पुढे पोटासाठी खेड्यात गेले. मिरासदारांची मिशी अप्पाच कोरायचे, मेण लावून वर वळवायचे. स्वतःची मात्र खाली. वर वळवायचा हक्क जमीनवाल्यांचा. मी कॉलेजात गेलो आणि माझी वर वळवली.

"परदेशी कंपनीशी करार झालाय, तंबी," मालक म्हणाले. "त्यांचा नियम. मिशी चालणार नाही."

"कागद दाखवा."

"फोनवर सांगितलंय."

माझा विश्वास बसला नाही. मेव्हणा विक्रीला असायचा, त्याची मिशी हनुवटीपर्यंत आलेली. आणि अप्पा पेटी घेऊन आले होते, मिरासदारांच्या गाडीतून. कशासाठी, ते त्यांनाही सांगितलं नव्हतं.

मिरासदार म्हणाले, "बापाच्या हातानंच होऊ दे. घरचं काम."

अप्पा पुटपुटले, "अय्या, बाप जिवंत असताना मुलाची मिशी उतरवत नाहीत. बाप गेल्यावर उतरवतात."

"न्हाव्याला कसला बाप नि कसली मिशी!"

मेव्हणा हसला. अप्पांनी मान खाली घातली. पेटी उघडली. बाप गेलेल्या कितीतरी मुलांच्या मिश्या त्या हातांनी उतरवल्या होत्या. आता ते वस्तरा शोधत होते. सापडत नव्हता. समोरच होता.

मी पेटी बंद केली.

मालकांना म्हणालो, "नियम आहे ना, मुदलाळी? आधी मेव्हण्यांना बसवा. मग मी बसतो."

मेव्हण्याचा हात ओठावर गेला. मालक मिरासदारांकडे बघू लागले. नियम कोणाचा, ते मला कळलं.

नोकरी गेली. बसमध्ये अप्पा एकदाच बोलले, "आता मिशी शिजवून खा."

पोंगलनंतर मळणी झाली. वर्षभराच्या कामाचं अप्पांना मिरासदारांकडून दोन पोती भात मिळायचं. या वेळी निरोप आला: मुलानं मिशी उतरवून यावं, मग मापू.

मी गेलो. मिशी वर वळवूनच गेलो. खळ्यावर सगळ्या मजुरांसमोर विचारलं, "अय्या, तुमची मिशी वर्षभर कोणी कोरली?"

कोणी हसलं नाही. मिरासदारांच्या कारभाऱ्यानं एक पोतं पुढे ढकललं.

अप्पा त्या घरी पुन्हा गेले नाहीत. शेवटी मिळालं ते एवढंच: एक पोतं भात, अप्पांना. दुसरं अजून येणं आहे. मिरासदार गेले. आता त्यांचा मुलगा खळ्यावर बसतो. मी दर मळणीला जातो. त्याच्याकडे मागतो.