उलटी धरलेली पत्रिका

नव्वदच्या दशकात ग्रीटिंग कार्डांची फॅशन जोरात होती. जुईनगरला आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकू मात्र ती जुन्या लग्नपत्रिकांपासून घरीच करायच्या. आधी पत्रिकेवरचा गणपती अलगद कापून कपाळाला लावायचा आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. मग उरलेल्या वेलबुट्टीच्या कागदाचे तुकडे चिकटवायचे आणि चिरलेली भेंडी रंगात बुडवून फुलांचे ठसे उठवायचे. रंग सांडला तरी “टेन्शन नाय”, नवरा ओरडला तरी “टेन्शन नाय.”

आमच्या मुलीचं लग्न पत्रिका छापून झाल्यावर मोडलं. मी सगळा गठ्ठा रद्दीत दिला. पुढे तिच्या वाढदिवसाला काकू कार्ड घेऊन आल्या आणि त्यावरचा लाल कागद मी लगेच ओळखला.

“काकू, ही आमची पत्रिका!”

“असेल. रद्दीवाल्याकडनं आणली. एवढा चांगला कागद वाया कशाला घालवायचा? आणि मी काय वाचत बसत नाय ताई, उलटी धरून कापते. टेन्शन नाय.”

त्या गेल्यावर मी कार्ड फाडणारच होते, पण मुलीने ते हातातून ओढून घेतलं आणि उघडलं. आत भेंडीच्या फुलांमध्ये, सोनेरी छापील अक्षरांत, तिचं एकटीचं नाव होतं. त्याचं नाव नाही, मुहूर्त नाही, एक वेलांटीसुद्धा तुटलेली नाही. म्हणे उलटी धरून कापते!

मुलगी कितीतरी दिवसांनी हसली. काकूंशी भांडायला जावं की त्यांच्या पाया पडायला, हे मात्र मला समोरच्या दाराशी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.