वागन आणि शोभाची पहिली पंचमी

बायकोला सांगितलं नाही, पोरांना नाही, आणि जिला सांगायला पाहिजे तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट कळत नाही. परवापासून बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठं जावं ते सुचत नाही. चहा हातातल्या हातात गार होतो. बायकोनं दोनदा विचारलं, मी पित्ताचं कारण सांगितलं. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही — ते तुम्हाला पुढं कळेलच.

परवा भाच्यानं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, शोभाच्या मुलानं, नवी गाडी घेतली. ती दाखवायला मायलेक आमच्या गावी आले. आमचं गाव हिंगोलीकडं, जवळा बाजारच्या जवळ. गाडीची पूजा झाली, पेढे झाले, आणि नेहमीप्रमाणे वागनचा विषय निघाला. आमच्या घरात चार माणसं जमली की वागन निघतेच.

वागन म्हणजे आमची जुनी स्टेशन वॅगन. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सरकारी लिलावातून आणलेली. लांबलचक गाडी, मागं डिक्कीच्या जागी दोन बाक. गावानं त्यातलं 'स्टेशन' गाळून टाकलं आणि 'वागन' ठेवलं. तिच्यात काय काय बसलं नाही सांगा! हळदीची पोती, बाळंतिणी, अख्खी वऱ्हाडं, आणि एकदा शेजारच्या धनगराच्या दोन शेळ्या, मागच्या खिडकीतून माना काढून, वसमतपर्यंत. खोड एकच होती. एकदा बंद केली की धक्का दिल्याशिवाय ती चालू व्हायची नाही. म्हणून अण्णा कुठंही गेले की आधी उतार शोधायचे, मग पाहुण्यांचं घर. लोक हसायचे. अण्णा म्हणायचे, "धक्काच देऊन राहिले ना? शिव्या तर न्हाई देत?" त्यांना तिची कधी लाज वाटली नाही.

मला वाटायची. हे आधी सांगून टाकतो.

शोभाच्या लग्नात तर फारच वाटली. पाठवणीच्या वेळी वागन मांडवासमोर उभी, शोभा आत बसून रडतेय, आणि गाडी ढिम्म. शेवटी नवरदेवाकडच्या पोरांनी धक्का दिला. हसत हसत, आरोळ्या मारत. एक जण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पाव्हणं, गाडीसोबत बैलजोडी बी देता का हुंड्यात?" सगळा मांडव हसला. शोभासुद्धा रडता रडता हसली. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा असेन, मिशा नुकत्याच मनासारख्या आलेल्या. त्या वयात माणूस किती हलका असतो, नाही? पण हे कारण म्हणून सांगत नाही. जे होतं ते सांगतोय.

लग्नानंतरची पहिली पंचमी आली. आमच्याकडे पहिल्या पंचमीला लेक माहेरी आणतात. तिला आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो दारात आल्याशिवाय सून आपली आपण निघत नाही. किती का जीव तळमळेना, वाट बघायची. मायनं लिंबाला झोका बांधून घेतला होता. सणाच्या दोन दिवस आधी अण्णांनी वागन धुतली, आतले बाक पुसले, आणि दुसऱ्या दिवशी चावी माझ्या हातात देताना म्हणाले, "आरामात आण तिला."

शोभाचं सासर साखऱ्याला. औंढा, हिंगोली, सेनगाव ओलांडून जायचं. रस्त्यात चिखल होता, पण वागननं मला — ऐका बरं — कुठंही, एकदासुद्धा, दगा दिला नाही. दुपारी मी साखऱ्याच्या वळणावर पोचलो. तिथून तिच्या सासरचा ओटा दिसतो. ओट्यावर तीच पोरं बसली होती, लग्नातली. शेजारी कुणाची तरी नवी कोरी जीप उभी होती.

मी वळणावरच, कडब्याच्या गंजीआड थांबलो. इंजिन चालूच ठेवलं. साखरा कसा सपाट, उतार कुठंच नाही. मुऱ्हाळ्याला जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणजे गाडी बंद करणं आलं. म्हणजे मग पुन्हा तो धक्का, त्या आरोळ्या, ती बैलजोडी. स्टिअरिंगवर हात ठेवून मी किती वेळ बसलो असेन? फार नाही. गंजीआडूनच मी गाडी मागं घेतली, वळवली, आणि निघालो.

झालं. एवढंच केलं मी.

घरी येईपर्यंत खोटं तयार होतं. सेनगावच्या पुढं गाडी बंद पडली, ट्रॅक्टरवाल्यानं धक्का देऊन चालू करून दिली, पण पुन्हा बंद पडली तर शोभाला घेऊन रस्त्यात कुठं थांबायचं, म्हणून परत फिरलो. माय म्हणाली, "बराबर केलं लेकरा." मायनं मला शहाणा ठरवलं. तुम्हीच सांगा, त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर?

सणाच्या दिवशी पहाटे अण्णा स्वतः एसटीनं निघाले. दिवेलागणीला फाट्यावर उतरले ते एकटेच. शोभाच्या सासूनं म्हटलं होतं, सण तर इथंच झाला, आता काहून नेता? मायनं झोका सोडून ठेवला.

अण्णांनी वागन वसमतच्या मिस्त्रीकडं नेली. तो म्हणाला, चालता चालता बंद पडावी असं हिला काहीच झालेलं नाही. अण्णांनी मिस्त्रीवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. "माझ्या लेकीला वाट पाहायला लावली हिनं," म्हणाले, आणि ज्या गाडीवर पोटच्या पोरासारखा जीव लावला ती भंगारात घातली. पुन्हा त्यांनी गाडी घेतली नाही. जाईपर्यंत ते वागनवर रागावलेलेच होते. आणि शोभा? पुढच्या वर्षी तिनं निरोप पाठवला, मुऱ्हाळी नको. पिशवी घेऊन एकटीच एसटीनं आली. त्यानंतर कायम तशीच येत राहिली. तिला आणायला मी कधीच गेलो नाही. तिनं मला जाऊच दिलं नाही.

तर परवा. वागनच्या खोड्यांच्या सगळ्या गोष्टी झाल्या. मग शोभा हसत हसत म्हणाली, "एक गंमत मी कधी कोणाला सांगितलीच न्हाई. त्या पंचमीला मला वागनचा आवाज आला होता. अगदी तिचाच! पिशवी घेऊन पळत दारात आले, तर कोणीच न्हाई. सासूबाई म्हणल्या, माहेराचं याड लागलं पोरीला. लई दिवस चिडवून राहिले मला सगळे. मलाच वाटाया लागलं, आपलं डोकं तर फिरलं न्हाई ना?"

सगळे हसले. मीही हसलो. मग नवी गाडी बघतो म्हणून बाहेर निघून आलो.

तिचं डोकं फिरलं नव्हतं. आवाज खरा होता. ती पिशवी घेऊन दाराकडं पळत होती, आणि मी गाडी वळवत होतो.